आठ हजार चारशे चावे

पोटासाठी माणसं काय काय करतात. कोणी गटारात उतरतं, कोणी उंच पुलाला लोंबकळून रंग देतं. हा माणूस पोटासाठी चावून घ्यायचा. थट्टा नाही करत. एकोणीस वर्षं, सकाळी आठ ते दुपारी तीन, तारेच्या कुंपणाआडच्या एका मैदानात उभं राहून तो कुत्र्यांकडून स्वतःला चावून घ्यायचा आणि महिन्याच्या शेवटी त्याचा पगार घ्यायचा. गोदामं, कारखाने, बंद बंगले राखणारी कुत्री त्या मैदानात तयार होत. चोर कसा धरायचा हे कुत्र्याला शिकवायचं तर कोणीतरी चोर व्हायलाच हवं. डाव्या हातात खांद्यापर्यंत तागाची जाडजूड बाही चढवायची, तो हात छातीपुढे आडवा धरायचा आणि शिव्या देत अंगावर धावून जायचं. मग चाळीस किलोचं जनावर हवेतून येऊन त्या हाताला लटकायचं. सगळे त्याला बाहीवाला म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, ते तिथेच राहिलं.

पहिल्याच दिवशी एका कुत्र्याने बाही सोडून त्याची मांडी धरली होती. त्यानंतर एकाने कानाची पाळी अर्धी नेली, एकाने करंगळी मोडली, आणि एका कुत्रीने त्याला पाडून पाठीवर असं काही फाडलं की आठवडाभर तो पालथा झोपला. नडगीवरच्या खुणा तर किती ते त्यालाच ठाऊक नव्हतं. "माझं अंग म्हणजे हजेरीचं पुस्तक आहे," असं तो म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. लग्न त्याने केलं नाही. विचारलं तर म्हणायचा, घरी गेल्यावर तरी कोणी चावू नये.

त्या कामाची एक रीत होती, ती आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते त्या रीतीमुळेच झालं. बाहीवाल्याने मैदानात ओरडायचं, रडायचं, हातापाया पडायचं. आणि कुत्र्याने त्याच्या ओरडण्याला भीक घालायची नाही. उलट तो जितका बोंबलेल तितकी पकड घट्ट करायची, हे पिल्लू असल्यापासून शिकवायचं. खरा चोरही बोंबलणारच ना? सोडायचा हुकूम द्यायचा तो दोरी धरणाऱ्याने. बाहीवाल्याने तो शब्द उच्चारायचासुद्धा नाही. आणि पकड चांगली बसली, की बाहीवाल्याने हात सैल करून बाही हळूच सोडून द्यायची. मग कुत्रं ती बाही तोंडात धरून मैदानभर मिरवतं. हेच त्याचं बक्षीस. त्याच्या हिशेबी त्याने चोराचा हात उपटून आणलेला असतो.

ठकी अशी शेकड्यांनी हात उपटून आणणारी कुत्री होती. काळी, रुंद छातीची, डोळ्यांत कसलाच राग नसलेली. नाव कोणी ठेवलं देव जाणे, अंगापिंडाने दांडगी आणि नाव बाहुलीचं. सात वर्षं ती त्याच्या हाताला लटकली. सात वर्षांत एकदाही तिचा दात बाहीच्या बाहेर गेला नाही. इतर कुत्री डोक्यात राख घालून यायची. ठकी कामाला यायची. धाप टाकत, डोळ्याला डोळा भिडवून, नेमकी मनगट आणि कोपर यांच्या मधोमध. त्याला ती त्या मैदानातल्या सगळ्या माणसांपेक्षा जवळची वाटायची, आणि वाटण्यासारखंच होतं.

मग तिचे मागचे खुबे दुखायला लागले. उडी अर्ध्यात तुटायला लागली. तिथे असल्या कुत्र्यांचं काय करत ते बाहीवाल्याने अनेकदा पाहिलं होतं. महिन्यातून एकदा एक माणूस सुया घेऊन यायचा, खाद्याच्या कोठारामागे पत्र्याच्या आडोशाला. कुत्रं तडफडू नये म्हणून दोघांनी त्याला गुडघ्याखाली दाबून धरायचं. एकदा सुई चुकली आणि ते जनावर पत्र्यावर डोकं आपटत पाऊण तास मरत राहिलं. मालक म्हणाला, "सोमवारी ठकीला घ्या." बाहीवाल्याने मालकाची गचांडी धरली आणि त्याला कुंपणावर असा रेटला की तारेचे चौकोन त्याच्या पाठीवर उमटले. एकोणीस वर्षं मार खाणाऱ्या माणसाने पहिल्यांदाच कोणावर तरी हात टाकला होता. मालकाने शर्ट झटकला आणि म्हणाला, "घेऊन जा मग घरी. मरेपर्यंत सांभाळ." चावून घ्यायला दुसरा माणूस मिळत नव्हता, म्हणून नोकरी वाचली.

ठकीला घरी आणलं त्या दिवशी त्याने तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, तुला सुई लागू देणार नाही. तू तुझ्या मरणाने मरशील. असलं वचन देऊ नये माणसाने, पण त्याने दिलं.

त्या वचनापायी तो विम्याच्या नादी लागला. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं की खुब्याची शस्त्रक्रिया लागेल, औषधं लागतील, आणि बरेच लोक खर्च झेपत नाही म्हणून शेवटी सुईच मागतात. त्याची भाची पाळीव जनावरांचे विमे विकायची. तिला बोलावलं. ती एका रविवारी कागदांचा गठ्ठा घेऊन आली आणि दुसऱ्या मजल्यावरच्या त्याच्या खोलीत जमिनीवर पसरून बसली.

"हे बघा मामा, तीन प्रकार आहेत," ती म्हणाली. "साधा घेतलात तर फक्त अपघात. गाडीखाली आली, पाय मोडला, तेवढंच. मधला घेतलात तर त्यात आजारपण, शस्त्रक्रिया, औषधं सगळं. आणि पूर्ण घेतलात तर वर आणखी एक. तिने दुसऱ्या कोणाला इजा केली, तर त्याचा दवाखाना, त्याची बुडालेली कमाई, तेही कंपनी भरते."

"कोणाला इजा?"

"कोणालाही. म्हणून विचारते. इथे प्रश्नच आहे. प्राण्याने कधी कोणाला चावा घेतला आहे का? असल्यास किती वेळा?"

बाहीवाल्याने मान वर करून छताकडे पाहत गुणाकार केला. दिवसाला चार, वर्षाला तीनशे दिवस, सात वर्षं. "आठ हजार चारशे," तो म्हणाला.

भाचीने पेन खाली ठेवलं. "मामा, मस्करी नको."

"मस्करी कसली? कमीच सांगतोय. परीक्षेच्या वेळी दिवसाला दहा व्हायचे."

"हे मी लिहिलं तर पूर्ण संरक्षणाचा हप्ता तिप्पट होईल. नाही म्हणून लिहिते मी. बाहीवरचे कुठे चावे असतात?"

"नाही लिहायचं नाही," तो तापून म्हणाला. "जन्मभर तिने काम केलंय ते खोडून टाकू? आठ हजार चारशे लिही. आणि ते शेवटचं काढून टाक. मधला दे, आणि त्यात आजारपणाची मर्यादा सगळ्यात वरची दे. तिच्यापासून कोणाला काय होणार आहे? हुकमाशिवाय ती दात लावत नाही. लोक तिला काय करतील ते बघ."

भाची बराच वेळ समजावत राहिली. मुळात तिचं म्हणणं बरोबर होतं, पण सांगणार कोणाला? हा माणूस रोज कुत्र्याच्या तोंडात हात घालून आलेला, चाव्याबद्दल त्याला कोण शिकवणार. तेवढ्यात त्याने ठकीच्या संध्याकाळच्या खेळाची वेळ झाली म्हणून भिंतीवरची जुनी बाही काढून हातात चढवली. रोज संध्याकाळी दोन पकडी, नाहीतर जनावर खंगतं असं त्याचं मत. हुकूम वगैरे काही नाही. त्याने नुसता हात छातीपुढे आडवा धरला आणि ठकी पलंगावरून सुटली. भाचीच्या हातातला चहा कागदांवर सांडला. खोलीभर गुरगुर, नखांची खरखर, बाहीवाल्याच्या शिव्या आणि हसणं. मग बाही सुटली आणि ठकी ती तोंडात घेऊन दारापर्यंत मिरवून आली. भाची भिंतीला चिकटून उभी होती. "हुकूम कुठे दिलात तुम्ही?" तिने विचारलं.

"घरात कशाला हवा हुकूम?" तो म्हणाला, आणि मधल्या विम्यावर सही केली.

आता शिंपीण. ती त्याच इमारतीत तळमजल्यावर राहायची, पुढच्या खोलीत मशीन टाकून शिवणकाम करायची. मैदानावरच्या फाटक्या बाह्या तीच दुरुस्त करायची, जाड सुई आणि मेणाचा दोरा घेऊन. कुत्र्यांनी जे दिवसभरात फाडलं ते ती संध्याकाळी जोडायची. बाहीवाला तिला ताई म्हणायचा, ती त्याला भाऊ. विम्याचं ऐकल्यावर तीही म्हणाली होती, "भाऊ, ते तिसरं घ्यायचंत हो. जिन्यावर पोरंबाळं असतात." त्याने ते हसण्यावारी नेलं होतं.

त्या आठवड्यात ती वरच्या फळीवरून कापडाचं ठाण काढताना स्टुलावरून पडली. डावं मनगट मोडलं. तळव्यापासून कोपरापर्यंत प्लास्टर झालं. पण गिऱ्हाईक थांबतं का? ती एका हाताने काम करत बसली. प्लास्टरची भुकटी गिऱ्हाइकांच्या कापडाला लागायला लागली, म्हणून बाह्यांतून उरलेल्या तागाची तिने एक खोळ शिवली आणि प्लास्टरवर चढवली. डॉक्टरांनी हात खाली सोडू नका म्हणून सांगितलं होतं, म्हणून तो छातीपुढे आडवा धरून हिंडायची.

बाहीवाल्याने तिला तशी पाहिली. पाहिली आणि विनोदसुद्धा केला. "ताई, उद्यापासून मैदानात तुम्हीच जा. मी सुट्टी घेतो." दोघंही हसले. हे मला आजही पचत नाही. तोंडाने बोलला, आणि डोक्यात शिरलं नाही. तो दोन पायांवर चालणाऱ्या माणसाकडे पाहत होता. ठकीने आयुष्यभर फक्त तो हात पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी चार वाजता तो ठकीला फिरवायला जिना उतरत होता. दोरी बोटाला नुसती अडकवलेली. शिंपीण खालून वर येत होती. दुरुस्त केलेली बाही उजव्या खांद्यावर टाकून, त्याला द्यायला. डावा हात छातीपुढे आडवा. मधल्या वळणावर ती ठकीच्या समोर आली.

खुबे दुखत होते म्हणे. ठकी पाच पायऱ्या एका झेपेत उतरली. शिंपीण पाठीवर पडली, तिचं डोकं कठड्याच्या लोखंडावर आपटलं आणि ठकी तिच्या अंगावर उभी राहून मनगट आणि कोपर यांच्या मधोमध पकड घेऊन मागे खेचायला लागली. नेमकी तिथेच, जिथे शिकवलं होतं. शिंपीण किंचाळली. पकड घट्ट झाली. ती आणखी किंचाळली, ठकीने मान झटकली, आणि प्लास्टरच्या आत काहीतरी मोडल्याचा आवाज बाहीवाल्याला वर ऐकू आला.

"सोड," तो ओरडला. "ठके, सोड."

ठकीने त्याच्याकडे पाहिलंही नाही. बाहीवाल्याचं ओरडणं होतं ते. आठ हजार चारशे वेळा ऐकलेलं, आणि आठ हजार चारशे वेळा त्याकडे दुर्लक्ष करून शाबासकी मिळवलेली. तो ओरडला तशी ती दुप्पट जोर लावून खेचू लागली, शेपूट हलवत. त्या एका क्षणात त्याला सगळं कळलं. ही माझं ऐकणार नाही. हिने माझं कधीच ऐकलेलं नाही. आणि हा हात सुटून तोंडात येईपर्यंत ही थांबणार नाही.

त्याने तिचा पट्टा धरून पिळला. मग जे कधी करू नये असं तो नव्या पोरांना शिकवायचा तेच केलं, उजव्या हाताची बोटं तिच्या जबड्यात घालून तोंड उघडायला गेला. ठकीने पकड बदलली आणि बदलताना त्याचा तळवा आरपार फोडला. त्याने तिला लाथ घातली. खुब्यावर, मुद्दाम दुखऱ्या खुब्यावर. ती कण्हली, पण सुटली नाही. रक्त पायऱ्यांवरून थेंबाथेंबाने खालच्या वळणावर जात होतं. शिंपीण आता ओरडत नव्हती. मग ताग फाटला, प्लास्टर तडकलं, आणि ठकीने शेवटचा हिसका दिला तसं ते अख्खंच्या अख्खं शिंपिणीच्या हातावरून निघून आलं, कातडीसकट.

हात सुटला, काम झालं. ठकीने ते रक्ताने भिजलेलं प्लास्टर तोंडात नीट धरलं, दोन पायऱ्या चढून वर आली, आणि शाबासकीसाठी बाहीवाल्याच्या पायाशी बसली.

शिंपिणीचा हात वाचला, पण नावापुरता. मनगट तीन ठिकाणी फुटलं होतं, दोन बोटांच्या शिरा तुटल्या होत्या. ज्या हाताने कापड सरकवायचं, चुणी धरायची, शिवण ताणायची, तो हात आता ताट धरण्याइतकाही उरला नाही. चौथ्या दिवशी बाहीवाला दवाखान्यात गेला. उजव्या हाताला स्वतःचेच अकरा टाके. तो खाटेशेजारी उभा राहिला. बसायची हिंमत झाली नाही.

"मला तिचा राग नाही," शिंपीण म्हणाली. "जनावराने शिकवलेलं केलं. राग तुमचा आहे, भाऊ. इतका आहे की तुमच्या तोंडाकडे बघवत नाही."

तो म्हणाला, "जे म्हणाल ते करतो."

"मी काय म्हणणार? आठ दिवसांनी मला घरी सोडतील. त्या जिन्याखाली पाणी भरायचंय, त्याच जिन्याने गच्चीवर कपडे वाळत घालायला जायचंय. हात असाच आडवा बांधलेला असणार, आणखी सहा महिने." तिने भिंतीकडे तोंड केलं. "तुम्ही कुत्री शिकवता. तुम्हीच सांगा काय करायचं ते."

भाचीला त्याने एकच विचारलं, "तो पूर्ण विमा आता घेता येईल?" ती फोनवर रडायला लागली. नाही मिळत, मामा. आता नाही मिळत. खुब्याच्या शस्त्रक्रियेची मंजुरी मात्र त्याच आठवड्यात आली. कंपनी पैन् पै द्यायला तयार होती. ठकी पुन्हा उडी मारू शकणार होती.

ते मंजुरीचं पत्र खिशात घालूनच तो तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. सोबत भिंतीवरची जुनी बाही घेतली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, धरायला माणूस बोलावते. तो म्हणाला, कोणी नको. त्याने दार लावून घेतलं, डाव्या हातात बाही चढवली आणि हात छातीपुढे आडवा धरला. ठकी उठली. उडी काही जमली नाही, चालतच आली आणि मधोमध पकड घेतली. तो सवयीने शिव्या द्यायला गेला आणि त्याला रडू फुटलं. रडत रडत शिव्या देत होता तो, आणि ठकी गुरगुरत खेचत होती, आनंदाने. मग त्याने हात सैल केला. बाही सुटली. ठकी ती तोंडात घेऊन त्या एवढ्याशा खोलीत एक फेरी मिरवून आली आणि त्याच्या पायाशी बसली. त्याने तिच्या कपाळावर हात ठेवला, शाबास म्हणाला, आणि डॉक्टरीणबाईंना मानेने खूण केली. बाही तिच्या तोंडातून निघेना, म्हणून तशीच राहू दिली.

बाहीवाला मैदानात परत गेला नाही. मालकाने दोनदा निरोप पाठवला, मग नाद सोडला. शिंपीण घरी आली त्याच्या दुसऱ्या सकाळी तो तिच्या दारात उभा राहिला. तिने आत बोलावलं नाही आणि जा असंही म्हणाली नाही. तो मशीनच्या डाव्या बाजूला स्टूल घेऊन बसला आणि कापड सरकवायला लागला. तेव्हापासून रोज बसतो. टाके सुकले तरी त्याची बोटं आखडलेलीच राहिली, शिवण तिरकी जाते, आणि ती दिवसातून वीसदा म्हणते, "सरळ धरा, भाऊ." याशिवाय फारसं बोलत नाही.

महिन्याभराने भाची विमा बंद करायचा कागद घेऊन तिथेच आली. मामाने मशीनवरच कागद ठेवून डाव्या हाताने भरायला घेतला. जनावराचं नाव, वय, बंद करण्याचं कारण. खाली तोच जुना प्रश्न होता. प्राण्याने कधी कोणाला चावा घेतला होता का? असल्यास किती वेळा?

भाची घाईने म्हणाली, "ते सोडून द्या मामा. ते आधीचंच आहे, मी भरते."

त्याने ऐकलं नाही. वेड्यावाकड्या अक्षरांत त्याने तिथे लिहिलं, एकदा. शिंपिणीने मान वळवून ते वाचलं, कागद बाजूला केला आणि कापड त्याच्या पुढ्यात ठेवलं.